हद्दीवरचं बोट

सरकारं दोन असतात हे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेही नवऱ्याचा हात गेल्यावर. तोवर माझी समजूत अशी, की सरकार एकच असतं आणि ते आपलं ऐकत नाही. दोन असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी ऐकत नाहीत, एवढं ज्ञान मला आता आहे. कुणाला हवं असेल तर फुकट देते.

आमचे हे कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कापड बेततात. शिवणारे वेगळे असतात. हे माप बघतात, खडूने रेघा मारतात आणि कात्री चालवतात, म्हणून सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. चार लोकांत मीही मास्तरच म्हणते. एक दिवस वरच्या फळीवरून सुटाच्या कापडाचे तागे घसरले आणि त्यातला सगळ्यात जाड तागा नेमका ह्यांच्या उजव्या खांद्यावर आला. हाड मोडलं नाही. मानेजवळची नस ताणली गेली आणि हात खांद्यापासून खाली नुसता लोंबायला लागला. हलत नाही, आणि चिमटा काढला तरी कळत नाही. दवाखान्यात विचारलं, बरा होईल का? डॉक्टर म्हणाले, "नस आहे." मी विचारलं, पण कधी? ते म्हणाले, "नस आहे ना." त्यावर आम्ही फी देऊन घरी आलो.

मास्तरांचं म्हणणं, हात येणार. रोज सकाळी खिडकीशी बसून ते उजव्या हाताकडे टक लावून बघायचे आणि घाम फुटेपर्यंत तो मनातल्या मनात हलवायचे. हात ढिम्म. मग डाव्या बाहीने कपाळ पुसत म्हणायचे, "आज जरा बरं वाटतंय." मला रडू यायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासायचे.

दुकानाच्या मालकांनी सांगितलं, टेबल तुमचंच आहे, कधीही या. पण येईपर्यंत पगार देणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, नुसतं दिलं नाही. तेव्हा माझ्या मोठ्या नणंद, म्हणजे वन्सं, मदतीला धावल्या. कुठल्याही विषयावर बोलायला वन्संना माहितीची गरज पडत नाही.

"अगं, अपंगांना सरकार देतं," त्या म्हणाल्या. "अर्ज टाकायचा, की झालं."

"कुठल्या सरकारकडे?"

"कुठल्या म्हणजे? सरकार म्हणजे सरकार! तू पण ना, उगीच शंका काढत बसतेस."

म्हणून आम्ही तिघं त्या कचेरीत गेलो.

इमारत एकच होती. पण दारातून आत शिरलं की लांबलचक दालनाच्या मधोमध जमिनीवर रेघ ओढलेली. रेघ नव्हे, रेघा. डावीकडची राज्याने ओढलेली, उजवीकडची केंद्राने, आणि दोन्ही रंगाऱ्यांनी दुसऱ्याच्या हद्दीत थेंब पडू नये म्हणून जपून काम केल्यामुळे मध्ये बोटभर फट राहिलेली. ती फट कुणाचीच नव्हती. राज्याचा झाडूवाला कचरा फटीपर्यंत आणून ठेवायचा, केंद्राचा झाडूवालाही तेवढंच करायचा. त्यामुळे त्या दालनात कचऱ्याची एक सुबक, सरळ भिंत तयार झाली होती.

बाकही एकच होता, अर्धा लाकडी आणि अर्धा लोखंडी. वन्सं टेकल्या त्या बरोबर मधोमध. तासाभराने आमच्यामागून आलेले सगळे आत जाऊन आले तेव्हा मी शिपायाला विचारलं, आमचा नंबर कधी? त्याने वन्संच्या बैठकीकडे नीट निरखून पाहिलं.

"ह्या बाई मधे बसल्यात. राज्यवाल्यांना वाटलं केंद्राच्या, केंद्रवाल्यांना वाटलं राज्याच्या. तुमचा नंबर दोन्हीकडून गेला."

"मग आता?"

"आता उठा आणि कुठल्या तरी एका बाजूला बसा. आणि जरा मनापासून बसा."

आम्ही लाकडी बाजूला मनापासून बसलो.

राज्याच्या टेबलामागे एक गोल चेहऱ्याच्या, अत्यंत आनंदी बाई होत्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर उड्या मारणाऱ्या माणसांची चित्रं होती. कुणाच्या काखेतून कुबडी सुटून हवेत गेलेली, कुणी पायाचं प्लास्टर फोडून नाचतोय.

"नेहमीचं काम करता येतं का?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"नाही."

"छान! आणि बरे होणार ना?"

"होणार," मास्तर म्हणाले. प्रश्न संपायच्या आत म्हणाले.

"शाब्बास!" बाईंनी टाळी वाजवली. "मग तुम्ही आमचे. तुमच्या पगारातून राज्य दर महिन्याला थोडं थोडं कापून ठेवत होतं ना, ते ह्याच दिवसासाठी. पाय मोडला, ऑपरेशन झालं, बाळंतपण आलं, की माणूस परत कामावर जाईपर्यंत आम्ही सांभाळतो. फक्त परत जायचं हं! आणि ठरलेल्या मुदतीत जायचं. न जाणाऱ्यांसाठी ते आहेत." त्यांनी पेनाने समोर दाखवलं, पण पेन रेघेच्या अलीकडेच थांबवलं.

समोर केंद्राच्या टेबलामागे एक साहेब बसले होते. काळा कोट, पडलेले खांदे, चेहरा सुतकी. वन्सं म्हणाल्या, दोन्हीकडे टाकून ठेवू, कुठलं तरी लागेल. म्हणून आम्ही फट ओलांडून तिकडेही गेलो. साहेब उठून उभे राहिले आणि मास्तरांचा चांगला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"फार वाईट झालं," ते म्हणाले.

"तसं काही नाही, बरं होईल," मास्तर म्हणाले.

साहेबांनी ताबडतोब हात सोडला. "मग इथे कशाला आलात? केंद्र कायमच्या माणसांसाठी आहे. वर्षभर तरी बरं वाटता कामा नये, आणि खरं म्हणजे कधीच नाही. शिवाय तुमचं नेहमीचं काम जमत नाही, हे आम्हाला पुरत नाही. कुठलंही काम जमता कामा नये."

"कुठलंही म्हणजे?"

साहेबांनी खणातून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात जगातली सगळी कामं होती. "समुद्राकडे बघत बसायचं आणि भरती आली की 'आली' म्हणायचं. हे जमेल?"

"जमेल बहुतेक," मास्तर म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"पण साहेब, अशी नोकरी आहे कुठे?" मी विचारलं. "इथे तर समुद्रच नाही."

"नोकरी मिळते का, हा प्रश्नच नाही बाई. जमते का, एवढाच प्रश्न आहे."

"म्हणजे राज्याला बरा होणारा माणूस लागतो आणि तुम्हाला न होणारा."

साहेबांना ते लागलं. "हे समजायला आम्हाला प्रशिक्षण असतं," ते म्हणाले. "तुम्ही एका वाक्यात उरकू नका."

तर राज्याकडून मदत सुरू झाली. अट एकच, दर महिन्याला डॉक्टरांसमोर प्रगती दाखवायची. आणि तिथेच आमचं गाडं अडलं, कारण प्रगती नव्हती. मास्तर पहाटेपासून खिडकीशी बसायचे, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हाताशी झगडायचे, आणि हात आपला मांडीवर पडलेला. मला त्या हाताचा राग यायला लागला होता. हाताचा राग येणं बरं नव्हे, पण यायचा.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते. मास्तर म्हणाले, "इकडे बघ." मी बघितलं तर उजव्या हाताची तर्जनी हळूच वर उचलली गेली, थांबली आणि खाली आली. माझ्या हातातलं ताट पडलं. मी ओरडले, शेजारणीला हाक मारली, वन्संना फोन लावायला धावले. मास्तर म्हणाले, "थांब, थांब," आणि त्यांनी शर्टाची बाही उलटी करून दाखवली. काजाचा दोरा बोटाच्या पेराला बांधून अस्तराच्या आतून खांद्यावर नेला होता, आणि पाठीमागून डाव्या खिशात. खिशात बोट हललं की तर्जनी उठायची. शिलाई इतकी सफाईदार की बाहेरून सुरकुतीसुद्धा दिसत नव्हती. सगळं एका हाताने केलं होतं, दोरा दातांत धरून.

मी त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही. लबाडीचा राग नव्हता. मला दोन क्षण खरं वाटलं होतं, त्याचा राग होता.

डॉक्टर दोन्ही सरकारांना मिळून एकच होते. त्यांची फिरती खुर्ची बरोबर फटीवर ठेवलेली होती. डावीकडे तोंड केलं की ते राज्याचे डॉक्टर, उजवीकडे केलं की केंद्राचे. मास्तरांच्या त्या 'बहुतेक'मुळे केंद्राकडचा आमचा अर्ज 'पाहू' म्हणून लोंबकळत ठेवलेला होता, त्यामुळे तपासणी दोन्हीकडची व्हायची.

"राज्य विचारतं, हलतं का?" डावीकडे वळून ते म्हणाले.

तर्जनी उठली. राज्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांच्या फायलीवर एक हिरवा तारा चिकटवला.

डॉक्टर कर्र करून उजवीकडे फिरले. "केंद्र विचारतं, हलतं का?"

मास्तरांनी खिशातून हात काढून घेतला. तर्जनी निपचित. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली.

निघताना डॉक्टरांनी मास्तरांना जवळ बोलावलं आणि मनगटाशी बाहेर आलेलं दोऱ्याचं टोक बाहीत नीट खोचून दिलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हलतं का, एवढंच मला विचारलेलं आहे. कशाने हलतं, हे विचारलेलं नाही."

असे महिने चालले. राज्याच्या हद्दीत बोट उठायचं, केंद्राच्या हद्दीत झोपायचं. मास्तर एकाच सकाळी एकदा आशेने आणि एकदा निराशेने बोलायचे, आणि दोन्ही इतकं मनापासून की घरी येणारा माणूस त्यातला कुठला, हे मला दार उघडेपर्यंत कळायचं नाही. पुढे पुढे खिडकीशी बसणं कमी झालं. "आज जरा बरं वाटतंय" हे वाक्य ते फक्त राज्याच्या टेबलाशी बोलायला लागले. मला धास्ती बसली ती त्याची. ते वाक्य घरात ऐकून मी भांड्यांवर राग काढायचे, पण आता ते ऐकू येईनासं झालं आणि भांडी घासायला हात वळेना.

मग राज्याची मुदत संपत आली. आनंदी बाई म्हणाल्या, "आता तुम्ही बरे झालेले असायला हवेत!" आणि पहिल्यांदाच हसल्या नाहीत. आता आशा फक्त केंद्राची. तिथे पास झालो तर जन्मभराची सोय होती. नापास झालो तर काय, ह्याचा विचार मी करत नव्हते.

नेमकं त्याच वेळी कुणीतरी दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. एकच बोट एकाच सकाळी हलतं आणि हलत नाही, हे दोन्हीकडे एकदमच लक्षात आलं. माणसाबद्दल कुणाला काही वाटलं नाही, पण हद्दीचा प्रश्न उभा राहिला. बोट मुळात कोणाचं? दोन्ही सरकारांनी मिळून संयुक्त तपासणी लावली. शिपाई म्हणाला, अशी तपासणी त्याच्या नोकरीत झालेली नाही, त्याच्या वडिलांच्याही नोकरीत झालेली नाही.

घरी वन्संनी तयारी करून घेतली. त्या केंद्राचे साहेब झाल्या, डोक्यावरून काळी शाल घेऊन.

"हात हलतो का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"कधी हलेल का?"

"नाही."

"बायकोने सांगावं!"

"नाही हो साहेब, काही नाही, ओंडका झालाय नुसता," मी म्हणाले. पाठ झालं होतं. बोलताना मास्तरांकडे बघायचं नाही, एवढं मी सांभाळलं.

मास्तरांनी बाहीतला दोरा ओढून काढला आणि रिळाला गुंडाळून ठेवला. "उद्या ह्याचं काम नाही," ते म्हणाले. "एका शब्दाचं काम आहे. विचारलं तर नाही म्हणायचं. काहीही झालं तरी. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी दालनात एक मोठं टेबल फटीवर आडवं ठेवलं होतं आणि टेबलावरही त्याच दोन रेघा ओढल्या होत्या. एका बाजूला राज्याच्या बाई, दुसऱ्या बाजूला केंद्राचे साहेब, मध्ये डॉक्टर. डॉक्टरांची खुर्ची आज खिळ्यांनी जमिनीत ठोकली होती, कुठल्याच बाजूला वळू नये म्हणून. वन्संना बाकावर बसवलं. त्या परत मधोमध बसल्या.

बाहीची तपासणी झाली. बाही स्वच्छ होती. मग मास्तरांचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. अंगठा राज्यात, शेवटची तीन बोटं केंद्रात, आणि तर्जनी फटीवर. दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं, मान्य केलं. पण हातात जीव नव्हता. तो घसरून केंद्रात गेला. साहेबांनी तो मागे सारायला बोट पुढे केलं तशा बाई म्हणाल्या, "अंगठा आमचा आहे, हात लावू नका." मग बाईंनी सरकवला, तर साहेब म्हणाले, "करंगळीला धक्का लागला, नोंद घ्या." हात पुन्हा घसरला. बराच खल झाला. शेवटी नियमात सापडलं की ज्यावर दोन्हीचा हक्क आहे ते कुणीच धरू नये, नातेवाइकाने धरावं.

"बाई, तुम्ही धरा," साहेब मला म्हणाले.

मी मास्तरांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. थंड होता. माझा तळवा मोठा आहे, त्याखाली त्यांची सगळी बोटं झाकली गेली. आता बोट हललेलं कुणालाच दिसणार नव्हतं, हे दोन्ही सरकारांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही.

"प्रयत्न करा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी प्रयत्न केला. तो माणूसच तसा आहे. कुणी मन लावून काही सांगितलं की मन लावून करतो. नाही हलवायचं, हे घरी ठरलेलं होतं, पण खोटा प्रयत्न त्यांना जमत नाही, आणि हलणार नाही ह्याची त्यांना आता खात्रीच होती. त्यांच्या कानशिलावर शीर उठली. डोळे हाताकडे होते, म्हणजे माझ्या हाताकडे.

आणि माझ्या तळव्याला खालून काहीतरी लागलं.

अगदी हलकं. मला वाटलं माझीच नाडी. परत लागलं. तर्जनीचं टोक तळव्यात उठलं, टेकलं, परत उठलं. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तसाच, घामेजलेला, हरलेला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ज्या हाताला चिमटा कळत नाही त्याला स्वतःचं बोट उठलेलं कुठून कळणार? ती बातमी जगात एकट्या मला कळली होती, आणि माझ्यासमोर दोन सरकारं बसलेली होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी श्वास सोडला. तळव्याखाली सगळं शांत झालं.

"दिसलं नाही," बाई म्हणाल्या.

"आम्हालाही नाही," साहेब म्हणाले. "ज्यांनी धरलंय त्यांनीच सांगावं. शपथेवर. बाई, हललं का?"

एकच शब्द बोलायचा होता. नाही म्हटलं की जन्मभराची सोय. डोक्यात सगळा हिशेब लख्ख होता, मी काही बावळट नाही. मास्तर माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत 'नाही म्हण' असं स्पष्ट होतं. मी तोंड उघडलं. घरी इतक्यांदा म्हटलेला शब्द जिभेवर आला. पण मी नाही म्हटलं असतं तर साहेबांनी ते लिहून घेतलं असतं, शिक्का मारला असता, आणि ह्या माणसाने ते खरं मानलं असतं. माझं म्हणून खरं मानलं असतं.

"हललं," मी म्हणाले.

"काय?"

"हललं म्हणते ना! दोनदा. हे बोट."

बाकावरून वन्संचा "अगं बाई!" असा आवाज आला. डॉक्टरांनी वळायला पाहिलं, पण खुर्ची ठोकलेली होती. मग त्यांनी नुसती मान वळवली. "खरंच?" त्यांनी विचारलं, आणि ते कुठल्याच सरकारकडून विचारत नव्हते. मी मान डोलावली.

"अभिनंदन!" राज्याच्या बाई म्हणाल्या. "पण तुमची मुदत आज संपली."

"हललं म्हणजे आमच्याकडे बसत नाही," केंद्राचे साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला.

दोघांनी एकाच कागदावर 'नामंजूर' लिहिलं, एकमेकांच्या शाईने. ह्या इमारतीत दोन्ही सरकारांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ होती. दोन्हीकडचे कारकून उठून बघायला आले. बाईंनी आणि साहेबांनी फटीवरून हात मिळवले, कुणीतरी चहा मागवला. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही.

आम्ही बाहेर पायरीवर आलो. मास्तर थांबले. लग्नापासून त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही.

"वेड लागलंय का तुला? एक शब्द! एक शब्द बोलायचा होता!"

"हललं, अहो."

"मला बरं वाटावं म्हणून बोललीस ना? वाटलं हो बरं! आता खायचं काय? कुणाच्या दारात उभं राहायचं?"

"अहो, हललं."

"उगीच काहीतरी बोलू नकोस. माझा हात आहे, मला कळत नाही का..."

आणि तिथे ते थांबले. त्यांना कळत नव्हतंच. पायरीवर उभ्या उभ्या त्यांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वन्संसुद्धा काही बोलल्या नाहीत, ह्यावरून काय ते समजा.

"कुठलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हे."

"किती?"

मी दोन बोटांत माप धरून दाखवलं.

"सूतभर," ते म्हणाले. मापाच्या बाबतीत ते चेष्टा करत नाहीत. "नीट बघून सांग. सूतभर?"

"दिसलं नाही मला. लागलं. सूतभर असेल."

"सूतभर म्हणजे पुष्कळ झालं गं," मास्तर म्हणाले. मला आनंद झाला होता आणि मी घाबरलेही होते. महिनाअखेरीला काय करणार, हे मला अजिबात माहीत नव्हतं. ते अजूनही माहीत नाही.

त्यांनी तिथेच, पायरीवर, डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते. बोट हललं नाही. मास्तरांनी डोळे उघडले, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्या हातात दिला.

"धर," ते म्हणाले. "परत हललं तर सांग."

रस्त्यातून हात धरून आम्ही ह्याआधी कधी चाललो नव्हतो. नव्या लग्नातसुद्धा नाही. "अगं, लोक बघतायत," वन्सं मागून म्हणाल्या. बघेनात का. मी तो हात सैलच धरला होता. घट्ट धरला असता तर मला कळलं नसतं.